एशियाडचे पाहुणे आणि भीमनगरची तोटी

माणसानं एक वेळ साडूच्या लग्नात पंगतीची जबाबदारी घ्यावी, पण नगरपालिकेच्या स्वागत समितीचा सचिव होऊ नये. हे शहाणपण पांढुर्णा नगरपालिकेचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, सुधाकर गजभिये यांना १९८२ साली आलं. अर्थात काम आटोपल्यावर आलं. शहाणपणाला वेळेवर यायची सवय नाही, आणि त्या बाबतीत ते नगरपालिकेच्या नोकरांसारखंच आहे.

झालं असं की, दसऱ्यानंतर एका दुपारी स्टेशनमास्तर राव नगरपालिकेत आले. राव आंध्राकडचे. बोलत कमी, आणि बोलले तर घाईत बोलत, कारण मागे गाडी उभी असे. त्यांनी नगराध्यक्ष श्रीधरभाऊ कळंब्यांना सांगितलं की रेल्वेच्या कंट्रोलवरून फोन आला आहे. मद्रासकडून दिल्लीला एशियाड स्पेशल निघणार आहे, पुढच्या सोमवारी ती पांढुर्ण्याला तासभर थांबेल, आणि स्टेशनचा पंप तर बंद पडलेला. तेव्हा पाण्याचं नगरपालिकेनं बघावं. "पीने का भी, नहाने का भी. बहुत पानी मंगता," एवढं बोलून, अर्धा चहा पिऊन राव निघून गेले.

गाडीतून कोण येणार आहे, हे तिथेच विचारायला हवं होतं, असं आज कोणीही सांगेल. पण श्रीधरभाऊंनी विचारलं नाही, कारण अध्यक्षाला सगळं आधीच ठाऊक असतं असा गावाचा समज होता आणि तो त्यांनी मेहनतीनं जपला होता. रावांनी कंट्रोलला विचारलं नव्हतं, कारण कंट्रोलला प्रश्न विचारणाऱ्याला कंट्रोल उलट चार प्रश्न विचारतं. आणि सुधाकररावांनी विचारलं नाही, कारण वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच नियम पाळला होता, साहेबांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक करून घ्यायचं नाही. ज्या भिंतीखाली हे तिघं बसले होते त्या भिंतीवर एशियाडचं पोस्टर होतं. त्यावरचा नाचरा हत्ती तिघांकडे पाहून हसत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"एशियाड म्हणजे खेळाडू," श्रीधरभाऊ बोटांवर मोजत म्हणाले. "मद्रासहून येऊन राहिले म्हणजे जहाजानं आले असतीन. जहाजानं आले म्हणजे विदेशी. अन् विदेशी माणूस दिवसातून दोन डाव आंघोळ करते, हे तं साऱ्यांना मालूम आहे."

श्रीधरभाऊंचा संत्र्यांचा व्यापार कलकत्त्यापर्यंत होता, त्यामुळे जगाची माहिती त्यांच्याकडे असे. त्याच बैठकीत स्वागत समिती झाली, आणि सुधाकररावांना इंग्रजी टायपिंग येतं म्हणून ते सचिव झाले.

आता पाणी. गावची टाकी एका टोकाला आणि स्टेशन दुसऱ्या टोकाला. मध्ये सुधाकररावांचा मोहल्ला, भीमनगर. या भीमनगरात नळ नव्हता. नळ मंजूर होता, पाईप आलेले होते आणि गोदामामागे पडून त्यांच्यात बकऱ्या व्याल्या होत्या, पण दर वर्षी यादीत वरचे मोहल्ले संपता संपता मार्च संपत असे. भीमनगरच्या बायका रेल्वे फाटकापलीकडच्या हातपंपावरून पाणी आणत. त्यातली एक सुधाकररावांची बायको कमल. गावाला पाण्याचं बिल पाठवणाऱ्या माणसाची बायको फाटक उघडायची वाट पाहत डोक्यावर दोन घागरी घेऊन उभी असते, यावर गावात बरेच विनोद झाले होते, आणि ते सगळे सुधाकररावांना पाठ होते.

त्यामुळे सुधाकररावांच्या डोक्यात जे यायचं ते आलं. त्यांनी बैठकीत, फायलीत डोकं घालून, अगदी सहज आवाजात सुचवलं की टाकीपासून स्टेशनापर्यंत लाईन टाकली तर सगळ्यात जवळचा रस्ता भीमनगरातून जातो, आणि पाईप गोदामामागे आहेतच.

"टाका," श्रीधरभाऊ म्हणाले. सुधाकररावांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात श्रीधरभाऊ पुढे म्हणाले, "पण तोटी नाई बसवायची. पाणी पाहुण्याचं आहे. गाडी गेली का दुसऱ्या दिवशी लाईन उखडून गोदामात."

घरी हे सांगताना सुधाकररावांनी पहिला अर्धा भाग फार रंगवून सांगितला. कमलनं तो ऐकून घेतला आणि मग दुसरा अर्धा काढून घेतला.

"म्हणजे पाणी आमच्या अंगणातून जाईन," ती म्हणाली, "अन् आमी त्याचा आवाज ऐकत बसू."

"तसं नाई वं. पाहू नं काही."

"पाहा. मी तवर फाटकापलीकडून दोन घागरी पाहून येतो."

ती गेली, आणि सुधाकरराव ओट्यावर बसून राहिले. कार्यालयात चार शिपाई ज्यांच्या घंटीला उठत, त्यांना घरात असं ऐकून घ्यावं लागे. याचं त्यांना वाईट वाटे, पण त्याहून वाईट हे वाटे की ती बरोबर बोलत असे.

उपाय निघाला तो नळफिटर श्रावणकडून. श्रावणही भीमनगरचाच. त्यानं श्रीधरभाऊंसमोर डोकं खाजवत सांगितलं, "भाऊ, येवढी लांब लाईन हवा धरते. पाहुण्याच्या आंगावर पाणी पडाच्या आंधी फुसफुस होईन. मधात एक तोटी पायजे, हवा सोडाले." आता विदेशी पाहुणा अंगाला साबण लावून उभा आहे आणि नळातून नुसती हवा येते आहे, हे चित्र श्रीधरभाऊंना सहन झालं नाही. भीमनगरच्या बुद्धविहारासमोर एक तोटी बसली. तिच्यावर श्रीधरभाऊंनी डबा उपडा घालून, तार गुंडाळून, आपल्या हातानं कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

मग गावाची मदत सुरू झाली. मदत म्हणजे सल्ले. शेजारचे तुळशीराम रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे रेल्वेतून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा हक्क होता.

"सुधाकर, मी गोरे साहेब पाह्यले हायेत," ते म्हणाले. "त्याइले तिखट चालत नाई. झुणका करसान तं पाण्यातला करजा."

"एशियाडात गोरे नसतात, काका. आशियातलेच असतात."

"मंग तं तिखट चालते," तुळशीराम म्हणाले. सल्ला काही झालं तरी वाया जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

एका सभासदानं सुचवलं की पाहुण्यांना आपली गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक, दाखवावी. खेळाडू आहेत, त्यांना आवडेल. सावरगाववाले नदीच्या त्या काठाला, आपण या काठाला, मधे पाहुणे खुर्च्यांवर. मधे म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न निघाल्यावर ठराव मागे घेण्यात आला. फलकाच्या भाषेवरून तर दोन बैठका मोडल्या. गाव मध्यप्रदेशात, म्हणून भोपाळचा नियम सांगे हिंदी, गावाचा जीव मराठीत, आणि पाहुण्यांना म्हणे इंग्रजीशिवाय कळत नाही. शेवटी पेंटरनं कंटाळून देवनागरीत मोठ्या अक्षरांत 'वेलकम' लिहून टाकलं. हिंदीवाल्यांनी ते हिंदी म्हणून घेतलं, मराठीवाल्यांनी मराठी, आणि इंग्रजी तर ते होतंच. त्या कमानीइतकं एकमत गावात नंतर कधी झालेलं नाही.

मग मंजुरी. एवढ्या कामाला शेजारच्या सौंसरच्या एसडीएम, म्हणजे प्रांत साहेबांची सही लागते, म्हणून सुधाकरराव बसनं सौंसरला गेले. साहेब उमदे. त्यांनी सही केली, 'राष्ट्रीय महत्त्वाचे कार्य' असा शेराही मारला, आणि मग चष्मा काढून विचारलं, "और सौंसर?"

सौंसरला रेल्वे आहे, पण छोट्या लाईनची. तिच्यावर एशियाड यायचं तर खेळाडूंना गुडघे पोटाशी घेऊन यावं लागलं असतं. पण बातमी फुटली होती आणि सौंसरकर बाहेर व्हरांड्यात जमले होते. सगळे पाहुणे पांढुर्ण्यानंच काऊन घ्यायचे? संत्री काय तिकडेच पिकतात? तासभराच्या घासाघाशीनंतर ठरलं की स्टेशनवर सौंसरची एक जीप उभी राहील आणि त्यांना निदान चार पाहुणे द्यायचे. साहेबांनी आणखी एक गोष्ट मागितली. स्वागत झाल्यावर अहवाल पाठवायचा, पाहुणे किती, कोणत्या देशाचे, आणि आपल्याविषयी काय बोलले. तो छिंदवाड्याला कलेक्टर साहेबांकडे जाईल. सुधाकररावांनी मान हलवली. बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली नाही, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलं आहे याचा विचार करायलाही फुरसत मिळाली नाही.

सोमवार उजाडला. रस्त्याच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवले होते, ते गाईंनी पहाटेच चाटून ठेवले. प्लॅटफॉर्मवर टिनाची दोन न्हाणीघरं, एकावर 'पुरुष', दुसऱ्यावर 'महिला', आत नवे साबण आणि पंचे. संत्र्यांच्या पेट्यांची भिंत. पलीकडच्या तिगावहूनसुद्धा माणसं पॅसेंजरनं येऊन बसली होती. बँडवाल्यांना लग्नाच्या वरातीची एकच धून येत होती, ती ते सकाळपासून घासत होते. श्रीधरभाऊंच्या पत्नी सुधाताई पैठणी नेसून, निरांजनाचं ताट घेऊन सगळ्यात पुढे. श्रीधरभाऊंच्या हातात मनगटाएवढा जाड हार, आणि डोक्यात शाळेतल्या मुकुंद मास्तरांनी घोकून घेतलेलं इंग्रजी भाषण. ते भाषण त्यांनी आठ दिवस बायकोला, मुनिमाला आणि एकदा गोठ्यात जाऊन म्हणून दाखवलं होतं. सुधाकरराव नव्या कोटात भाषणाची प्रत घेऊन बाजूला. भीमनगरच्या बायका स्टेशनच्या पुलावर. त्यांना खेळाडूंचं फारसं अगत्य नव्हतं. गाडी गेली की लाईन उखडतात की नाही, हे त्या पाहायला आल्या होत्या.

गाडी आली. इंजिन पुढे गेलं, एक डबा पुढे गेला, त्यात लुंगीवाली माणसं होती. "हे सामान उचलणारे," श्रीधरभाऊ हळूच म्हणाले. मग मालगाडीच्या उंच फळ्यांच्या, वरून उघड्या वाघिणी यायला लागल्या, एकामागून एक. गाडी थांबली. श्रीधरभाऊ हार उंच धरून डब्याच्या दाराकडे वळले आणि दारच नाही म्हणून घोटाळले. तेवढ्यात वरून एक सोंड आली, तिनं तो हार अलगद त्यांच्या हातातून घेतला, आणि आत नेऊन खाल्ला.

वरातीची धून मध्येच थांबली. डब्याडब्यातून कान हलत होते, सोंडा बाहेर येत होत्या. राव स्टेशनमास्तर हिरवा झेंडा काखेत धरून पुढे आले, डोळे बारीक करून पाहिलं, आणि म्हणाले, "हाथी लोग." मग माहुतांपैकी एकानं मोडक्या हिंदीत उलगडा केला. एशियाडच्या उद्घाटनाला हत्ती लागतात, ते हे, आणि दोन दिवसांपासून नीट आंघोळ नाही, पानी किधर है?

सौंसरची जीप फाटकाशी उभी होती. ड्रायव्हर आत आला, चारी बाजूंनी पाहिलं, सुधाकररावांना म्हणाला, "कोणते चार?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

एवढ्यात सुधाताई पुढे झाल्या. बाईमाणसाला प्रसंग आधी कळतो. त्यांनी ताट वर केलं आणि म्हणाल्या, "अवो, साक्षात गणपती आले दारात, तुमी असे उभे काऊन?" आणि ओवाळायला लागल्या. बस्स. त्यानंतर गाव कोणाच्या हाती राहिलं नाही. बँडनं धून पकडली. पेट्या फुटल्या. पोरंसोरं, म्हातारे, तिगाववाले, सगळे हत्तींना संत्री भरवत सुटले, आणि हत्ती सालासकट, पेटीतल्या गवतासकट आणि एका ठिकाणी पेटीच्या फळीसकट खात सुटले. एकानं 'वेलकम'मधला 'वे' ओढून नेला. दुसऱ्यानं 'महिला' न्हाणीघर उचलून 'पुरुष' न्हाणीघरावर ठेवलं, तेव्हा सभ्यतेच्या दृष्टीनं काही जणांनी माना वळवल्या. तुळशीराम एका हत्तीला झुणका भरवत ओरडून सांगत होते, "पाहा, चालते तिखट."

श्रीधरभाऊंना मात्र काय करावं ते सुचेना. माणसाला आठ दिवस पाठ केलेलं भाषण आत ठेवून जगता येत नाही. ते एका पेटीवर चढले आणि बोलायला लागले. "डिअर ब्रदर्स अँड सिस्टर्स ऑफ एशिया." समोरचा हत्ती कान हलवत ऐकत होता. "वुई नो यू आर टायर्ड आफ्टर लाँग सी जर्नी." भाषणात ते एका ठिकाणी अडले, मागे वळून सुधाकररावांकडे हात केला, आणि सुधाकररावांनी कागद पुढे धरला, तो श्रीधरभाऊंपर्यंत पोचलाच नाही. श्रोत्यानंच तो मध्ये उचलला आणि गिळला. मग त्या श्रोत्यानं शेजारच्या नळाखालच्या हौदात सोंड बुडवली आणि आभारप्रदर्शन म्हणून अध्यक्षांना आणि सचिवांना डोक्यापासून पायापर्यंत धुऊन काढलं. सुधाकररावांचा कोट नवा होता. पुलावरून हसण्याचा आवाज आला, आणि त्यात कमलचा आवाज त्यांनी ओळखला. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. भिजलेल्या माणसाला त्याचा राग यायला हवा, पण सुधाकररावांना बरं वाटलं.

गाडी गेली. हत्ती जाताना स्वच्छ होते आणि गावची टाकी रिकामी होती.

ती भरायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत वरच्या मोहल्ल्यांतल्या बायका, ज्यांनी जन्मात हातपंप पाहिला नव्हता, घागरी घेऊन श्रीधरभाऊंच्या दारी गेल्या. बाजारातून जाताना लोक श्रीधरभाऊंना "ब्रदर्स अँड सिस्टर्स" म्हणून नमस्कार करायला लागले. तिसऱ्या दिवशी श्रीधरभाऊंनी सुधाकररावांना केबिनमध्ये बोलावलं.

"बाबू, ती लाईन आज उखडा. मले पाईपाचं तोंड पाहाचं नाई."

सुधाकरराव उभे राहिले. घरातून निघताना भीमनगरच्या बायका घागरी घेऊन फाटकाकडे जाताना त्यांना दिसल्या होत्या. वीस वर्षांत त्यांनी कोणत्याच अध्यक्षाला नाही म्हटलं नव्हतं. आजही म्हटलं नाही. बड्या बाबूंना नाही म्हणायची गरज पडत नसते.

"उखडतो न, भाऊ," ते म्हणाले. "फक्त एक कागदाची अडचण आहे. लाईन राहिली तं ते कायमचं काम होते. पाणीपुरवठ्याच्या खात्यात जाते, मंग स्वागताचा कागदच राहत नाई, कोणी काही विचारत नाई. उखडली म्हणजे तात्पुरतं काम. मंग ते स्वागताच्या खात्यात जाते. अन् स्वागताच्या खात्याले पाहुण्याचा अहवाल जोडा लागते. सौंसरच्या साहेबानं तो मागितलाच आहे."

"मंग द्या काहीतरी लिहून."

"लिहून राहिलो न." सुधाकररावांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "देश कोणता लिहू? अन् आपल्याविषयी काय बोलले, असा एक रकाना आहे. हे कलेक्टर साहेबापर्यंत जाईन, म्हणून विचारून राहिलो."

भिंतीवरच्या हत्तीकडे श्रीधरभाऊंनी पाहायचं टाळलं. मग त्यांनी सदऱ्यात हात घातला, जानव्याची गाठ सोडवली, किल्ली टेबलावर टाकली आणि म्हणाले, "लाईन कायमची लिहा."

संध्याकाळी विहारासमोर सारा मोहल्ला जमला. श्रावणनं तार सोडली, कुलूप काढलं, डबा बाजूला केला. तोटी आधी फुसफुसली, मग खोकली, आणि मग पाणी आलं. बायकांनी रांग लावली ती भांडायच्या तयारीनं, पण भांडायची वेळ आली नाही, कारण पाणी थांबतच नव्हतं. म्हाताऱ्या लीलाबाईंनी नुसता हात पाण्याखाली धरला आणि तसाच धरून ठेवला. तुळशीराम म्हणाले, त्यांनी ही लाईन मागेच सुचवली होती. त्यांना त्या दिवशी कोणीच खोटं पाडलं नाही.

कमलची घागर भरली. ती उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

"एक विचारू काय?"

"विचार न."

"हत्ती येणार म्हनून आठ दिसात पाईप पडला. आमी तं इथंच होतो नं इतके वर्ष. आमाले तहान लागते, हे नगरपालिकेले मालूम नव्हतं काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. सुधाकररावांना नगरपालिकेच्या प्रत्येक फायलीतलं उत्तर ठाऊक होतं, याचंही ठाऊक होतं, आणि ते तिलाही ठाऊक आहे हेसुद्धा. पण वाहत्या नळासमोर, साऱ्या मोहल्ल्यात उभं राहून ते तोंडानं म्हणायचं त्यांचं धाडस झालं नाही. त्यांनी कमलच्या हातातून घागर घेतली आणि खांद्यावर ठेवली. बड्या बाबूंना घागर धरता येत नव्हती, त्यामुळे ती घरापर्यंत त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडत गेली, आणि ओट्यावर बसलेल्या कोणीही त्यावर विनोद केला नाही.